पंधरा किलो

विमानात पंधराच किलो चालतात, असं पत्रात होतं.
म्हणून बाबाने मासळीचा टांगता काटा आणला,
पडवीच्या वाशाला अडकवला
आणि आकड्यात इनासची बॅग टांगली,
सुरमई टांगतो तशी.

साडेसतरा.

आईने आधी काजूगर काढले, मग खोबरेलची बाटली.
"पाद्र्याच्या केसांका कोण बघता?"
इनासने तीन पुस्तकं काढली
आणि आमचं लक्ष नाहीसं बघून एक परत सरकवलं.
सोळाच्या वर काटा हटेना.
मग मी घेतलेला स्वेटर त्याने काढला,
सावंतवाडीच्या बाजारातला,
आमच्या घरात आलेला पहिलाच स्वेटर,
आणि सरळ अंगात घातला.
मे महिना. कपाळावरून घाम ओघळतोय,
आणि हा म्हणतो, "बरा बसला गो."

साडेपंधरा.

आता राहिली सुकटीची पुडी. अर्धा किलो.
तीन पिशव्यांत बांधून वर फडकं,
तरी खोलीभर तीच.
"थंय मासे कसले गावतत?" बाबाने विचारलं.
"नदीतले."
"नदीतले," बाबा म्हणाला,
आणि पुढे काही विचारलं नाही.
पुडी आईनेच काढली.
काटा थरथरला, पंधरावर थांबला.

तेवढ्यात बाबल तांडेल आला, टोपली घेऊन.
पहाटे रापण लागली होती,
इनासने दोरीला हात लावला नव्हता,
तरी त्याचा वाटा वेगळा काढलेला,
केळीच्या पानाखाली तारल्या, अजून ओल्या.
"घरातलो माणूस गेलो तर गेलो. वाटो खंय जाता?"
एवढं बोलून तो पायातली वाळू झटकत राहिला.
वाळू कधीच झटकून झाली होती.

सेमिनरीतून सुट्टीला आला की
इनास उंबऱ्यातच गुडघे टेकायचा,
"बेसांव दी, आई."
आज आई टेकली. नव्या पाद्र्यापुढे.
त्याला ते कळायला एक क्षण लागला.
मग त्याने हात तिच्या डोक्यावर धरला,
टेकवला मात्र नाही,
जणू चुलीवरून नुकतं उतरवलेलं भांडं.
बाबा तेव्हा काट्याची दोरी सोडवत होता.
एका साध्या गाठीत त्याला
फार वेळ काम निघालं.

रुपाजीची सुमो निघाली.
तिठ्यावरच्या खुरसाकडे ब्रेक लागला,
दिवे लाल झाले,
आई दोन पावलं पुढे गेली,
विसरला असेल काही.
म्हैस आडवी आली होती.

तिन्हीसांजेला तारल्या मोजायला
बाबाने काटा पुन्हा टांगला.
आकडा रिकामा, आणि काटा अर्ध्यावर.

आमचा काटा रिकामाही अर्धा किलो बोलतो.
बारा वर्षं. अख्ख्या बंदराला माहीत.
म्हणून तर बाबा प्रत्येक मापावर
ओंजळभर जास्त टाकतो,
म्हणून तर बायका म्हणतात,
जुजेचा काटा खोटा, जुजे खरा.
आज सकाळी चौघं होतो पडवीत.
चौघांतल्या एकालाही आठवलं नाही.

बाबाने बोटाने काटा शून्यावर दाबला.
सोडला.
परत अर्ध्यावर.

आईने फळीवरच्या पुडीकडे बघितलं,
मग बाबाकडे.
मला वाटलं आता ही रडणार, किंवा भांडणार.
तिने पुडीला चौथी पिशवी चढवली,
दोरा दातांनी तोडला
आणि मला म्हणाली,
उद्या पोस्टात विचारून ये,
वासाचं पार्सल घेतात काय.